मोहाखालची चुगली

"बंदूक गेली, पण हुकूम काही गेला नाही तुझा!" चुक्कीनं टोपली अंगणात आपटली. "इकडं जायचं नाही, तिकडं बसायचं नाही. हे घर हाये विज्जा, दलम नाही!"

"मी हुकूम नाही करून राहिलो, अक्का. सांगून राहिलो."

"सरकारनं हिरवा बोर्ड लावला. पाखरानं वरून फोटो काढले. मॅडमनं तपासलं. आणि तुले एकट्यालेच तिथं बॉम्ब दिसते?"

"दिसत नाही म्हणूनच तं..."

"गप बस!"

विज्जाच्या मनगटावरचा निळा पट्टा थरथरला. पुनर्वसन केंद्रातून सोडताना डॉक्टरांनी तो बांधून दिला होता. नाडी चढली की पट्टा थरथरायचा आणि एका बाईच्या गोड आवाजात म्हणायचा, "श्वास घ्या. चार मोजा."

"तू पण गप बस," विज्जा पट्ट्यावर खेकसला.

एरवी चुक्की हसली असती. आज नाही हसली. उद्या पंडुम होता, म्हणजे नव्याची पूजा. गावाचा पेरमा, म्हणजे पुजारी, जंगलातल्या देवाला मोहाचं पहिलं फूल वाहणार, आणि मगच बाकीच्यांनी फुलांना हात लावायचा. त्याआधी फुलं पायाशी पडून सडली तरी कुणी उचलत नाही. वरच्या मोहटोल्यातले पाच मोठे मोह दलमच्या भीतीनं कित्येक वर्षं बंद होते. यंदा पहिल्यांदाच ते मोकळे झाले होते. त्यातल्या वाकड्या मोहाखाली एक चपटा दगड आहे. त्यावर बसून, टोपली टेकवून चुक्कीची आई फुलं निवडायची. आई गेली, दगड राहिला. चुक्कीला उद्या त्याच दगडावर बसायचं होतं.

"दोन वर्षं झाली," ती हळू आवाजात म्हणाली, आणि तो हळू आवाज विज्जाला ओरडण्यापेक्षा जास्त लागला. "दोन वर्षं मी साऱ्या गावाले सांगून राहिली, माझा भाऊ ते सारं विसरला म्हणून."

"विसरलो असतो तं बरं झालं असतं ना," विज्जा म्हणाला, आणि सायकल काढून सुटला.

आता थोडं मागचं सांगायला हवं.

विज्जा अकरा वर्षांचा असताना जंगलातले बंदूकवाले, म्हणजे दलमवाले, त्याला या वेडमेट्टा गावातून घेऊन गेले. घरटी एक पोरगं द्यायचं असं त्यांचं फर्मान होतं, आणि या घरात पोरगा एकच होता. त्यांनी त्याला नवं नाव दिलं, रघु. गुडघ्याखाली लोंबणारा गणवेश दिला आणि त्याच्याएवढीच उंच बंदूक दिली. झाडावर चढायला चपळ, नजर घारीची, म्हणून त्याला पाळतीवर बसवलं. रस्त्यानं कुणी आलं की शिट्टी वाजवायची, एवढंच काम. ती शिट्टी ऐकून पुढं खाली काय व्हायचं, ते त्याला वरून दिसायचं.

पंधराव्या वर्षी दलम मोडलं. विज्जा एका ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला सापडला. मग केंद्र. तिथं त्याला झोपायला शिकवलं. हसू नका, झोपही शिकावी लागते. पाठ भिंतीला न लावता, बूट काढून, दोन्ही डोळे मिटून झोपायला त्याला कितीतरी महिने लागले. झोप जमली, राग काही जमला नाही. गावी आल्यावर त्याला शाळेत घातलं, तर मिसरूड फुटलेल्या पोराला पाचवीत बसवलं. मास्तर एकदा गमतीनं म्हणाला, "कॉम्रेड रघु, जरा फळा पुसा." विज्जानं डस्टर मास्तरच्या कानाजवळून भिंतीवर हाणलं आणि तो शाळेतून जो निघाला तो पुन्हा गेलाच नाही.

मग त्याला खोब्रागडे मॅडम भेटल्या. नागपूरच्या. गावाबाहेर पत्र्याची शेड टाकून त्या झाडांवर काम करत होत्या. त्यांना बियांची पोती उचलायला माणूस हवा होता, आणि विज्जाला असं काम हवं होतं जिथं कुणी 'मागचं सांग' म्हणणार नाही. पोती उचलता उचलता तो ड्रोन उडवायला शिकला. गावात ड्रोनला पाखरू म्हणतात. विज्जाच्या हातात ते खरंच पाखरासारखं उडायचं.

आणि मॅडमचं झाड म्हणजे चुगली. कागदावर त्याचं नाव एका ओळीत मावत नाही, म्हणून गावानंच हे नाव ठेवलं. कारण ते मातीतली चुगली करतं.

त्याचं असं आहे. वेडमेट्ट्याचा डोंगर लोखंडाच्या खनिजाचा. धातू शोधायचं मशीन इथं जमिनीवर धरलं की ते पहिल्या पावलापासून जे किंचाळायला लागतं ते थांबतच नाही. त्यात दलमवाल्यांनी स्फोटकं पुरली ती प्लास्टिकच्या डब्यांत. पण डबा कितीही घट्ट असो, त्यातून स्फोटकाचे बारीक कण वर्षानुवर्षं झिरपत राहतात, मातीच्या ओलीत मिसळतात आणि झाडांच्या मुळांपर्यंत पोचतात. साध्या झाडाला त्याचं सोयरसुतक नसतं. चुगलीच्या पेशींत मात्र शास्त्रज्ञांनी एक कुलूप बसवलंय, आणि त्याची किल्ली म्हणजे हाच कण. किल्ली लागली की रोप स्वतःच लाल रंग तयार करायला लागतं. जांभळात असतो, जास्वंदीत असतो, तोच रंग. हिरव्या रानात तेवढाच एक तुकडा लाल होतो, आणि वरून पाखराला तो बरोबर दिसतो. चुगलीला बी धरत नाही, म्हणून ती पसरत नाही. कडू असते, म्हणून गुरं तोंड लावत नाहीत.

हिवाळ्यात पाखरांनी मोहटोल्याभर बी टाकलं होतं. शिमग्याच्या आसपास ओढ्याकडच्या पायवाटेवर एक तुकडा लालभडक झाला. बॉम्ब काढणारं पथक आलं, डबा काढून घेऊन गेलं, आणि वरच्या साहेबांनी लगेच हिरवा बोर्ड ठोकला. 'जमीन मोकळी.'

"एकच?" विज्जानं तेव्हाच विचारलं होतं. कुणी लक्ष दिलं नाही.

सायकल पत्र्याच्या शेडला टेकवून तो आत शिरला. मॅडम डबा उघडून पोळी खात होत्या.

"मॅडम, मोहटोल्याचा नकाशा लावा."

"नमस्कार विज्जा. मी बरी आहे. तू कसा आहेस?"

"लावा ना!"

मॅडमनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पोळी बाजूला ठेवली.

"कमांडर एकटा डबा कधीच नाही पुरायचा," विज्जा उभ्या उभ्याच बोलत सुटला. "जोडी पुरायचा. पहिला येणाऱ्यासाठी. दुसरा त्याले उचलायले धावणाऱ्यासाठी. जखमी माणसाले उन्हात कोणी ठेवते का? सावलीत नेते. जिथं नेऊन टेकवणार, दुसरा तिथं."

"तू पाहिलंस पुरताना?"

"नाही. पुरताना पाळतीवाल्याले पाठ करून उभं करत. पण त्या पायवाटेवर सावली एकच हाये. वाकडा मोह. आणि खाली दगड."

नकाशा भिंतीवर उमटला. पाचही मोहांखाली पांढरा रंग, म्हणजे सुरक्षित. मॅडमनी पांढरा रंग काढून खालचा मूळ फोटो उघडला. पाच काळे गोल दिसले.

"हे काय? जळलंय?"

"पाला जाळला बायांनी. मोह मोकळे होणार म्हणून. बाकीच्या मोहांखाली दरसाल जाळतात. मोहाचं फूल पहाटे पडते, पाल्यात पडलं तं सापडत नाही. कडेनं काडी लावली की आग आपोआप आत जाते, पाय ठेवा लागत नाही."

"आणि आपलं पाखरू?"

"दुसऱ्या दिवशी उडलं."

मॅडमनी फोटोवरची तारीख पाहिली. मग म्हणाल्या, "मशीनला मी विचारलं होतं, लाल दिसतंय का. ते म्हणालं, नाही. झाड तरी दिसतंय का, हे मी विचारलंच नव्हतं रे."

त्यांनी तिथूनच फोन लावले. पथक दुसऱ्या जिल्ह्यात होतं, आठवडा लागणार. बोर्ड काढा म्हटलं तर साहेब म्हणाले, पुरावा द्या. मॅडमनी फोन ठेवला, विज्जाला गाडीवर मागं बसवलं, मोहटोल्याच्या तोंडाशी जाऊन तो बोर्ड स्वतः उपटला आणि पालथा टाकला.

"चुगलीचं मूळ गाजरासारखं जाड असतं," त्या हात झटकत म्हणाल्या. "आग वरच्यावर गेली असेल तर मूळ जिवंत असणार. पाखरानं वरून पाणी मारू. चार-पाच दिवसांत राखेतून कोंब येतील."

"पंडुम उद्या हाये."

"मग गावाला सांग थांबायला."

"मी सांगू?" विज्जा हसला. "मॅडम, तुम्हीच सांगा."

"मी सांगेन, पण मला इथं दोनच वर्षं झालीत. आणि बोर्ड माझ्याच नकाशावरून लागलाय. माझं कोण ऐकणार आता?"

दुपारी गोटुलासमोर, गावाच्या बैठकघरासमोर, बाया जमल्या होत्या. हसणं-खिदळणं चाललं होतं, टोपल्यांना शेण लावणं चाललं होतं. मॅडमनी सांगितलं. बायांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा टोपल्यांकडं वळल्या. एकजण म्हणाली, "काल मोकळी, आज बंद. उद्या अजून काही सांगसान. फूल काय तुमच्या फोनची वाट पाहते का वं मॅडम?"

सगळ्या हसल्या. आणि विज्जाचं डोकं फिरलं. पट्टा थरथरत होता, चार मोजा म्हणत होता, पण तो एकदम पुढं झाला आणि हात आडवा करून गरजला, "पुढं पाऊल टाकायचं नाही!"

हसणं जागच्या जागी थांबलं.

एका म्हातारीनं कडेवरचं लेकरू छातीशी दाबलं. दुसरीनं नकळत दोन्ही हात वर केले. विज्जाला त्या हातांकडं बघवेना. हेच शब्द त्यानं याच जागी म्हटले होते, बारा वर्षांचा असताना, बंदुकीच्या पट्ट्यानं खांदा सोलून निघत असताना. शब्द तेच, आवाजही तोच. तेव्हा त्या थांबल्या होत्या. आजही थांबल्या. फरक एवढाच होता की तेव्हा त्याला बरं वाटलं होतं.

चुक्की गर्दीतून त्याच्याकडं बघत होती. मग ती टोपली उचलून घरी निघून गेली.

विज्जा मग पेरमाकडं गेला. दुसरीकडं जाण्यासारखी जागाच नव्हती. बंदूक नसताना गाव ज्याचं ऐकतं असा माणूस एकच, दुंगा पेरमा. आणि विज्जानं ज्याच्या दारात कधी पाऊल टाकलं नव्हतं, असा माणूसही तोच.

कारण पेरमाचा नातू रानू अंगणात बसला होता, आपला डावा पाय उन्हात चार्जिंगला लावून.

पाय बॅटरीचा होता. गुडघ्याखालचा खरा पाय दलमच्या काळात गेला. रस्त्यावर पहिला स्फोट झाला, रानू जखमींना उचलायला धावला, आणि दुसरा फुटला. त्याच्या आधी झाडावरून एक शिट्टी आली होती.

"काहून आला?" पेरमा म्हणाला. म्हातारा दोरी वळत होता. हात थांबला नाही.

विज्जानं सांगितलं. राख, जोडी, वाकडा मोह, कोंब. सगळं एका दमात. "पंडुम थांबवा, आजा. कोंब येईपर्यंत. पंडुम नाही झाला तं कोणी फुलाले हात नाही लावणार. ओरडा लागणार नाही. काहीच करा लागणार नाही."

"फूल वाट पाहते का?" पेरमा म्हणाला. "चार दिवस म्हणजे अर्धा मोह मातीत. साऱ्या गावाचा. आणि ते कोणाच्या सांगण्यावरून? रघुच्या?"

पट्टा थरथरला. विज्जानं चार मोजले. खरंच मोजले.

"त्या दिवशी झाडावर तूच होता," रानू म्हणाला. त्यानं विज्जाकडं पाहिलं नव्हतं. तो पायाच्या बटणाशी खेळत होता.

"होतो."

"शिट्टी तूच वाजवली."

"मीच."

"दुसरा फुटणार, माहीत होतं?"

"हो," तो म्हणाला. "तू धावताना दिसला. मी दुसरी शिट्टी वाजवायले पायजे होती. नाही वाजवली. भ्यालो."

मग रानूनं पाय वायरीतून सोडवला, जोडला, आणि टक् आवाज करत उभा राहिला.

"आजा, थांबव पंडुम," तो म्हणाला. "जोडी असते. हे याच्या सांगण्यावरून नाही, माझ्या पायावरून सांगतो." आणि विज्जाकडं वळून, "मी तुले माफ नाही केलं. समजलं ना? हे वेगळं, ते वेगळं."

"समजलं."

पेरमानं दोरी खाली ठेवली. "थांबवतो. पण लाल नाही निघालं, तं तू गाव सोडायचं. लोकायले दुसऱ्यांदा भेव दाखवणारा मले गावात नको."

विज्जानं मान हलवली. आपलं घर सोडून त्याला जगात कुठंच झोप लागत नव्हती, हे त्यानं सांगितलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं.

मोह फुलला होता तो जणू सूड घेतल्यासारखा. पहाटे टपटप पडायचा आणि उजाडता उजाडता काळ्या राखेवर पिवळसर रसरशीत थर दिसायचा. वास गावभर. बाया मोहटोल्याच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या, फुलांकडं बघायच्या, मग कडेला बसलेल्या विज्जाकडं बघायच्या आणि मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या.

"खाय गा अस्वला, तुझ्यासाठीच राखून ठेवला आम्ही मोह."

"साहेब पाहरा देऊन राहिले. सलाम करा वं."

विज्जा पाखराच्या पोटाला पाण्याची पिशवी लावून उडवायचा, दगडाभोवती पाणी मारायचा, परत आणायचा, पुन्हा भरायचा. चुक्की दुपारी भाकरी आणून ठेवायची आणि न बोलता जायची. पण भाकरीबरोबर चटणी असायची. त्याच्या आवडीची, लाल मुंग्यांची, डोळे मिटायला लावणारी आंबट. घरात असा राग त्यानं पूर्वी पाहिला नव्हता. रागावून चटणी वाटणारी बहीण.

शेवटी राखेला कोंब फुटले. एका मोहाखाली, दुसऱ्या, पाचही मोहांखाली. सगळं गाव कडेला जमलं. पेरमा काठी टेकवून उभा. मॅडमनी पाखरू वर सोडलं आणि सगळ्यांना दिसावा म्हणून पडदा एका झाडाला टांगला. पाखरू वाकड्या मोहावर घिरट्या घालत राहिलं. पडद्यावर आकडे धावले आणि खाली शब्द आले. 'लाल नाही.'

"पुन्हा बघा," विज्जा म्हणाला.

मॅडमनी पुन्हा पाहिलं. लाल नाही.

कुणी हसलं नाही. तेच वाईट होतं. बाया टोपल्या उचलायला लागल्या. पेरमा विज्जाकडं न बघता म्हणाला, "उद्या पंडुम. तू बोलला तसं कर, पोरा."

चुक्कीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा तिला इतका राग आला की तिनं विज्जाच्या दंडावर जोरात चापट मारली. "चाल, कपडे भर. मी पण येतो. कुठी जायचं ते तू सांग. तुले सांगायची लई हौस हाये ना!"

विज्जा हलला नाही. तो पडद्याकडं बघतच नव्हता. झाडावर बसून कित्येक वर्षं त्याला एकच गोष्ट शिकवली होती, की जे शोधायला सांगितलंय ते शोधू नको, जे बाकीच्यांसारखं नाही ते शोध. पानांत माणूस कधी माणसासारखा दिसत नाही. नुसती एक जागा बाकीच्या जागांसारखी नसते.

दगडाच्या अलीकडं, हातभर जागेत, कोंबांचा रंग बाकीच्यांसारखा नव्हता. लाल नव्हता. हिरवाही नव्हता. मुका मार लागल्यावर दुसऱ्या दिवशी कातडी दिसते तसा, काळसर निळा.

"मॅडम, ते काय हाये?"

"कुठं?"

"दगडाजवळ. निळं."

"सावली असेल."

"सूर्य इकडं हाये. सावली तिकडं पडते."

मॅडमनी पाखरू खाली घेतलं, कॅमेरा जवळ नेला. आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे देवा. राख!" त्या स्वतःशीच म्हणाल्या, मग वळून सगळ्यांना मोठ्यानं सांगायला लागल्या. "जास्वंदीचं फूल चुरगाळून त्यावर सोडा टाकला तर ते निळं पडतं. लहानपणी केलंय ना कुणी? हा रंग तसाच. आंबटात लाल, खारात निळा. एरवी झाडाच्या आतलं आंबट टिकून असतं. पण हे कोंब नुसत्या राखेतून वर आलेत, कोवळे आहेत, राखेचा खार पार आत शिरला असणार. पाखराला मी फक्त लाल ओळखायला शिकवलंय!"

"असणार म्हणजे?" पेरमा म्हणाला. "आता आमाले निळं पण लाल म्हणा लागते का?"

"म्हणू नका. बघा. आंबट काही आहे का कुणाकडं? चिंच, लिंबू, काहीही."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. चुक्कीनं पदराखालून पानाचा द्रोण काढला. विज्जाची भाकरी तिनं अजून दिली नव्हती. "चटणी चालते का?"

"मुंग्यांची? पळेल!"

पाखराला पान खुडायचा चिमटा होता. विज्जानं यंत्र हातात घेतलं. पट्टा थरथरत होता, आणि पहिल्यांदाच त्याला तो ऐकूही आला नाही. पाखरू दगडावर उतरू द्यायचं नव्हतं. वारा होता. त्यानं ते हातभर उंचीवर धरलं, इतकं स्थिर की वरून पडलेलं एक फूल त्याच्या पाठीवर बसून राहिलं. चिमटा मिटला. पाखरू परत आलं.

मॅडमनी दुसऱ्या मोहाखालचंही एक हिरवं पान मागवलं. दोन्ही पानं एका पांढऱ्या फडक्यावर ठेवली, बोटानं चुरगाळली, आणि चुक्कीनं दोन्हींवर चटणीचं पाणी पिळलं. हिरवं पान हिरवंच राहिलं.

निळ्या पानाचा डाग आधी जांभळा झाला. मग कडेकडेनं उजळत गेला. मग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फडक्यावर असा लालभडक पसरला की पहिल्या रांगेतली म्हातारी दोन पावलं मागं सरकली.

पेरमानं फडकं हातात घेतलं. उन्हात धरलं. दगडाकडं पाहिलं, मग चुक्कीकडं. चुक्की तिथंच मातीत बसली होती. उद्या सकाळी ती नेमकी कुठं बसणार होती, हे तिला आणि विज्जाला, दोघांनाच माहीत होतं.

म्हातारा पुढं झाला. त्यानं आपली काठी मोहटोल्याच्या वाटेवर आडवी टाकली. ती ओलांडायची कुणाची छाती नव्हती.

रानू टक् टक् करत विज्जाजवळ आला. "आता तरी खाली बस गा," तो म्हणाला. "सारखा पाळतीवर असल्यासारखा उभा राहाते." आणि स्वतः थोडा सरकून त्यानं सावलीत जागा केली.

पथक आलं. पुरावा मिळाल्यावर आठवडा लागत नाही, एक दिवस पुरतो. दगडाच्या अलीकडून डबा निघाला, लांब नेऊन उडवला, आणि त्या आवाजानं सगळ्या गावात एकटा विज्जाच दचकला नाही. मॅडम दोन रात्री जागून पाखराला निळा शिकवत होत्या. झाड नसलेली जागा आता नकाशावर पांढरी येत नव्हती, पिवळी येत होती. 'माहीत नाही.' विज्जा म्हणाला, हा रंग चांगला आहे, हा बऱ्याच माणसांना पण लावायला पाहिजे.

पंडुम झाला. अर्धा मोह मातीत गेला होता, पण बाया तो विषय काढत नव्हत्या. पेरमानं वाकड्या मोहाखाली पहिलं फूल वाहिलं. चुक्की दगडावर बसली, टोपली टेकवली, आणि आईसारखाच एक पाय दुमडून घेतला. गोटुलासमोर जेवणाची पानं मांडली गेली. विज्जाचं पान रानूच्या शेजारी होतं, कुणी मांडलं ते कुणी सांगितलं नाही.

भात वाढून झाला आणि मॅडम फोन हातात घेऊन धावत आल्या. "विज्जा, तुझ्यासाठी."

पलीकडं एक अनोळखी बाई होती. ओढ्यापलीकडच्या टोल्यावरची. "विज्जा हाये का? तो निळं ओळखणारा?" ती धापा टाकत होती. "आमच्याकडं पण हिरवा बोर्ड हाये. आम्ही पण पाला जाळला. कोंब आले, त्यात एक जागा कशी तरीच दिसते. आमचा पंडुम कालच झाला. बाया टोपल्या घेऊन निघाल्या, माझं कोणी ऐकत नाही!"

"त्यायले एवढंच सांगा, मी येऊन राहिलो," विज्जा म्हणाला. "आणि कडेलेच बसून राहा. ओरडू नका. ओरडून कोणी ऐकत नाही."

तो उठला. पाखराची पेटी खांद्यावर टाकली.

"अरे, पहिला घास तरी घे!" चुक्की ओरडली. "सण हाये आज. आत्ता कुठं तुले गावानं पानावर बसवलं, आणि तू उठून चालला?"

"माझं पान झाकून ठेव. सांजच्याले येतो."

"चटणी तरी घेऊन जा."

"ती तं लागतेच." त्यानं द्रोण पेटीत नीट बसवला आणि सायकलवर टांग टाकली.

"नक्की येशील ना?"

"झोपायले मले दुसरी जागा हाये का? वाट सोड, अक्का. मले आता निघा लागते."